तळ्याची पाळ आणि सांडव्याची वाट



रोहिणी सरून मृग लागायला आले की आम्हा काही कुटुंबांना एका रात्रीची आठवण होते. ती गोष्ट सांगण्यासारखी नाही, कारण तीत आमची चूक आहे. पण आपल्या आदिलाबाद भागात हल्ली बरेच जण वावरात किंवा नाल्यावर लहान मातीचा बांध घालून तळे करू लागले आहेत. त्यांना आमच्यासारखे नुकसान सोसावे लागू नये, म्हणून ती गोष्ट या पानावर मांडत आहोत.

आम्ही चार घरांनी मिळून आपल्या वावरांच्या मधल्या नाल्यावर पाळ घातली होती. पाळ दहा फूट उंच, मागे अर्ध्या एकराचे पाणी. एका अंगाला चार फूट रुंदीचा सांडवा. पहिल्या पावसात तळे भरले. आम्ही आनंदाने मासळीचे बी आणून सोडले. मग कोणीतरी म्हणाले, "सांडवा वाहू लागला तर पोरे निघून जातील." पोरे म्हणजे माशांची पिले. आम्ही बांबूच्या कामट्यांची दाट जाळी विणली आणि सांडव्याच्या तोंडाशी घट्ट बसवली.

ऑगस्टच्या एका रात्री पावसाची झड लागली. नाल्याने पऱ्हाट्या, पाला आणि पळसाच्या फांद्या वाहून आणल्या. हे सगळे जाळीला येऊन अडकले व सांडवा बुजला. पाणी चढत चढत पाळीच्या माथ्यावरून वाहू लागले. आम्ही कंदील घेऊन पोहोचलो तेव्हा मधोमध बैलगाडी जाईल एवढे भगदाड पडले होते. सकाळी तळे रिकामे होते. मासळी गेली, माती गेली, आणि खालच्या शेजाऱ्याच्या दीड एकर सोयाबीनवर वाळू पसरली. वाचवायला गेलो चार मासे आणि घालवले सगळे.

शेजारचे एक म्हातारे काका काठी टेकत पाहायला आले. ते एवढेच म्हणाले, "पोराहो, पाण्याले वाट द्या. नाही तं ते आपली वाट करते."

कडमचा धडा

आमची चूक नवी नव्हती. आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, आता निर्मल जिल्ह्यात असलेल्या कडम धरणाचे उदाहरण मोठ्या माणसांना आठवत असेल. १९५८ च्या ऑगस्टमध्ये त्या धरणाच्या माथ्यावरून सुमारे दीड फूट पाणी वाहिले. पुराच्या पाण्यावर माथा आठ फूट मोकळा राहील असा हिशेब धरलेला होता, तरी तो पुरला नाही. डाव्या अंगाला साडेचारशे फुटांचे भगदाड पडले, उजवीकडेही पाळ फुटली. धरण पुन्हा बांधावे लागले. पुढे २०२२ च्या जुलैमध्ये त्याच कडमला सांडव्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त पूर आला, अठरापैकी एक दार उघडेना, आणि खालच्या गावांतील लोकांना रातोरात हलवावे लागले. धरण त्या वेळी टिकले. २०२३ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी दारांवरून गेले.

दगडी भिंतीवरून पाणी गेले तर भिंत बहुधा उभी राहते. मातीच्या पाळीवरून गेले तर ते मागच्या उतारावरची माती खरवडत खरवडत माथ्यापर्यंत येते आणि मग पाळ उभी राहत नाही. म्हणून मातीच्या तळ्यात सर्वांत महत्त्वाचा भाग पाळ नव्हे, तर सांडवा आहे.

थोडा हिशेब करू या. आमच्या तळ्यावर पन्नास एकरांचे पाणी उतरते. एका दिवसात चार इंच पाऊस पडला, आणि आपल्याकडे तसा पडतो, तर पन्नास एकरांवर सुमारे दोन कोटी लिटर पाणी पडते. त्यातले अर्धे जमिनीत मुरले असे धरले तरी एक कोटी लिटर नाल्याला येते. आमचे तळे काठोकाठ भरले तर तीस लाख लिटर धरते. म्हणजे एका दिवसात तळे तीन वेळा भरेल एवढे पाणी येते. ते चार फुटांच्या तोंडातून, त्यातही जाळीतून, कसे निघावे?

पाळ पुन्हा कशी घातली

पहिले काम शेजाऱ्याचे. आम्ही चारही घरांनी पंधरा दिवस त्याच्या वावरातील वाळू घमेल्यांनी काढली आणि रब्बीत त्याला हरभऱ्याचे बियाणे दिले. त्याने आमच्याकडे काही मागितले नव्हते. पण खालच्या माणसाचे नुकसान भरून दिल्याशिवाय वरच्या माणसाने पुन्हा पाणी अडवू नये, असे आम्ही ठरवले.

मग उन्हाळ्यात, पंचायतीला व पाटबंधारे खात्याला विचारून, काम नव्याने घेतले. जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय टिकाव मारू नये, हेही लक्षात ठेवा. कामाचा क्रम असा:

१. पायाची खोदाई. पाळीच्या मधल्या रेषेत मऊ माती, मुळे व वाळू काढून पक्का मुरूम लागेपर्यंत चर खणला. आमच्याकडे तो चार फुटांवर लागला. हा चर काळ्या चिकण मातीने ठोकून भरला. वरवरच्या मातीवर पाळ ठेवली तर पाणी खालून वाट काढते.

२. मातीची निवड. आपली काळी माती पाणी धरते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून काळी माती पोटात आणि दोन्ही अंगांना मुरूम, अशी पाळ घातली. नुसत्या काळ्या मातीची पाळ उन्हाळ्यात तडकते, आणि पहिल्या पुराचे पाणी त्या भेगांतून शिरते.

३. थर व धुम्मस. माती एका वेळी अर्धा-पाऊण फुटापेक्षा जास्त टाकली नाही. प्रत्येक थर शिंपून, धुम्मस मारून, ट्रॅक्टर फिरवून दाबला. मातीचा ओलावा मुठीने पाहावा. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. गोळा जमिनीवर टाकला की दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर माती कोरडी, चपटा झाला तर फार ओली.

४. उतार. पहिल्या पाळीचा पाया पंचवीस फूट होता, तो फार थोडा. आता पाण्याच्या अंगाला एका फुटाला तीन फूट व मागच्या अंगाला एका फुटाला दोन फूट उतार दिला. माथा आठ फूट रुंद. दहा फूट उंचीला पाया अठ्ठावन्न फूट झाला. माती पुढे बसते, म्हणून उंची एक फूट जास्त ठेवली. पाण्याच्या अंगाला दगडांचे अस्तर लावले.

५. सांडवा. तो पाळीच्या भरावात काढू नये. बाजूच्या मूळच्या घट्ट जमिनीत काढावा. आमचा आता पंधरा फूट रुंद आहे आणि त्याचा तळ पाळीच्या माथ्यापेक्षा तीन फूट खाली आहे. तळाला दगड बसवले आहेत, आणि बाहेर पडलेले पाणी पाळीच्या पायथ्यापासून दूर नेऊन नाल्यात सोडले आहे. त्यावर जाळी नाही, बांबू नाही, काही नाही.

पाणी सोडायचे दार, ज्याला आपले तेलुगू भाऊ तूमू म्हणतात, तेही पक्के बसवावे. नळाच्या बाहेरच्या बाजूची माती नीट ठोकली नाही तर पाणी नळातून न जाता नळाच्या कडेने जाते.

गळती ओळखा

मातीची पाळ थोडीफार पाझरतेच. पायथ्याशी ओल दिसली म्हणून घाबरू नये. पण पाझर रोज पाहावा. पाझराचे पाणी काचेच्या ग्लासात घ्या. स्वच्छ असेल तर निव्वळ पाणी येत आहे. गढूळ असेल तर पाण्याबरोबर पाळीच्या पोटातली माती बाहेर येत आहे, आणि आत पोकळी वाढत आहे. अशा वेळी ताबडतोब तूम उघडून पाणी उतरवावे व खालच्या वस्तीला सावध करावे. मागच्या अंगाने त्या भोकावर चिकण माती थापू नये. पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असे थर टाकावेत. त्यातून पाणी येते, पण माती अडते.

कोकणात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. धरण गळते आहे, असे गावकऱ्यांनी आधी कळवले होते. नंतर खेकड्यांनी धरण पोखरले असेही सांगण्यात आले. खेकडे, उंदीर आणि साळिंदर बिळे करतात हे खरेच. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. बीळ पाहणारा डोळा नसला म्हणजे धरण फुटते.

पाळीवर झाड लावू नये. कडुनिंब किंवा बाभूळ सावलीला चांगली, पण तिची मुळे पाळीत शिरतात, आणि झाड मेले की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. पाळीवर हरळी लावावी, वाळा लावावा. पावसाळ्यात पाळीवर जनावरे चारू नयेत.

मासळीची शेती

आता गोड भागाकडे येऊ. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या तळ्यांचे मासे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून तिघे एकत्र नांदतात. दहा पिलांत चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असे प्रमाण धरावे. आमच्या अर्ध्या एकरात आम्ही हजार पिले सोडतो.

हे मासे साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. पूर्वी मासळीचे बी नदीतून गोळा करावे लागे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात या जातीच्या माशांकडून इंजेक्शन देऊन अंडी घालून घेतली, तेव्हापासून केंद्रात बी तयार होऊ लागले. म्हणूनच १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

बी घेताना जिरे घेऊ नका, बोटुकली घ्या. जिरे स्वस्त मिळते म्हणून आम्ही पहिल्या वर्षी तेच घेतले होते. पूर आला नसता तरी त्यातले फारसे उरले नसते. बगळे आणि मरळ यांनीच ते संपवले असते. बोटाएवढे पिलू बऱ्यापैकी जगते. पिशवी आणल्यावर ती अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग हळू तोंड उघडावे. एकदम ओतले तर पिले पाण्याच्या फरकाने मरतात.

सांडव्याला जाळी नाही, मग पिले जात नाहीत का? काही जातात. त्यावर आम्ही दोन उपाय केले. बी जुलैत न सोडता मोठे पूर ओसरल्यावर, ऑगस्टच्या शेवटी सोडतो, आणि मोठी बोटुकली सोडतो. तरी जे मासे गेले ते गेले. खाली नाल्यावर कोणाच्या तरी ताटात पडतील.

खाद्य म्हणून तांदळाचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड सारखी मिसळून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी देतो. शेणखत थोडे थोडे टाकतो. पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर समजावे की पाण्यात प्राणवायू कमी पडला. ढगाळ दिवसांत असे फार होते. तेव्हा खाद्य व शेण बंद करावे, पाणी बांबूने ढवळावे, जमल्यास विहिरीचे ताजे पाणी सोडावे.

मार्चपर्यंत कटला पाऊण किलोच्या आसपास भरतो. उपवासकाळातील शुक्रवारी मासळीला गिऱ्हाईक असतेच. पण सगळी विकू नका. घरातल्या लेकरांच्या आणि गरोदर लेकी-सुनांच्या ताटात आधी पडू द्या. उन्हाळ्यात उरल्या चिखलात मरळ सापडते. ती तेलंगणाची राज्यमासळी आहे. आफ्रिकी मांगूर मात्र कोणी कितीही स्वस्त दिला तरी सोडू नका. त्यावर देशात बंदी आहे, आणि पुरात तो नाल्यात गेला की आपले देशी मासे खाऊन टाकतो.

फवारणीचा पंप तळ्यावर नको

आपला भाग कापसाचा. एका वर्षी आमच्यातल्याच एकाने संध्याकाळी फवारणीचा पंप तळ्याच्या काठी धुतला. सकाळी त्या कोपऱ्यातले मासे उताणे तरंगत होते. कापसावर मारतात त्यातली काही औषधे माशांना अगदी थेंबभरही सोसत नाहीत. माणसालाही ती सोपी नाहीत. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून पंप वावरातच, विहीर व तळ्यापासून दूर धुवावा. रिकाम्या डब्यांत पाणी आणू नये. विषाने मेलेली मासळी खाऊ नये, विकू नये, कोंबड्यांनाही घालू नये.

पाखरे, जनावरे आणि आपण

तळ्याचा एक उथळ कोपरा आम्ही मुद्दाम सोडला आहे. तेथे लव्हाळा व पाणवनस्पती वाढू देतो, जाळे टाकत नाही. हिवाळ्यात तेथे बदके उतरतात. टिटवी, खंड्या, पाणकोंबडी बाराही महिने असतात. बगळे आणि पाणकावळे थोडे मासे खातात, तो त्यांचा वाटा. बेडूक आणि चतुर मात्र आपले कीड खाऊन काम करतात.

भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी गेल्यावर ते सरकारजमा झाले, आणि गाळ काढणारे, पाळ राखणारे हात हळूहळू सुटले. तलाव बेशरमीने भरले, देशी मासळी घटली. तेथे मनीष राजनकर यांच्यासोबत ढिवर स्त्रियांनी बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे अंडी घालायला आणि लपायला जागा झाली, तशी मासळी परतली आणि पाखरेही परतली. आपल्याकडे २०१५ पासून मिशन काकतीयात जुन्या तलावांचा गाळ काढला गेला आणि शेतकऱ्यांनी तो वावरात नेला. गाळ हलक्या जमिनीत ओल धरतो. आपण आपल्या तळ्याचा गाळ दर दोन-तीन उन्हाळ्यांनी काढावा. मात्र पाळीच्या पायाजवळ खणू नये.

पाणी असले की रानडुक्कर, नीलगाय येते, आणि त्यांच्या मागे बिबट्या किंवा वाघही येऊ शकतो. कव्वालचे जंगल २०१२ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि ताडोबा-टिपेश्वरकडून वाघ या वाटेने फिरतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कोमरम भीम जिल्ह्यात वाघाने माणसे मारली, हे आपण विसरलो नाही. म्हणून पहाटे व तिन्हीसांजेला तळ्यावर एकट्याने जाऊ नये. ओल्या काठावर पंजा दिसला तर वनखात्याला कळवावे. कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे. त्या तारेला जनावराआधी शेजाऱ्याचे पोर लागू शकते.

आरोग्याच्या चार गोष्टी

पहिली, लेकरे. नव्या तळ्याच्या तळाशी चिखल असतो, पाय रुततो. आम्ही एका बाजूला पायऱ्या केल्या आहेत, आणि काठावर एक लांब बांबू व दोर कायम बांधून ठेवला आहे. कोणी बुडत असेल तर उडी मारण्याआधी बांबू पुढे करा. पोहता न येणारा वाचवायला गेला की घरातून दोन माणसे जातात.

दुसरी, डास. काठाचे गवत पाण्यात लोळू देऊ नये. मासे असलेल्या उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या फार टिकत नाहीत, पण काठाच्या खुरांच्या खड्ड्यांत टिकतात. ते बुजवावेत. ताप आला तर रक्त तपासून घ्यावे.

तिसरी, पिण्याचे पाणी. तळ्याचे पाणी पिऊ नये. ज्यांनी पायातून नारू निघताना पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. तळ्या-बारवांचे पाणी गाळून पिण्याची सवय लावून आणि बारवांत उतरणे थांबवूनच नारू हटला. १९९६ नंतर देशात रुग्ण सापडला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. औषधाने नव्हे, गाळण्याच्या फडक्याने हे झाले.

चौथी, तळ्याच्या वरच्या अंगाला शौचास बसू नये. सगळे वाहून तळ्यातच येते.

मृगाआधीचे काम

आमच्या चार घरांत आता पाळी लागली आहे. जून ते सप्टेंबर रोज एका घराचा माणूस संध्याकाळी पाळीवरून चालत जातो. बीळ, भेग, खचलेली जागा, गढूळ पाझर, सांडव्यातला कचरा, एवढे पाच पाहतो. बीळ दिसले तर त्याच दिवशी खणून ओली माती ठोकून बुजवतो. झडीच्या रात्री दोघे जातात, आणि खालच्या शेजाऱ्याला निरोप देतात. गेल्या कित्येक पावसाळ्यांत त्या शेजाऱ्याचे वावर सुखरूप राहिले. आता तोही आमच्या पाळीत पाचवे घर म्हणून आला आहे, आणि मार्चमध्ये त्याचा मासळीचा वाटा पहिला निघतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, ज्यांच्या वावरात तळे आहे त्यांनी या आठवड्यात एकदा आपल्या पाळीवरून चालून यावे. सांडव्याला जाळी, काटेरी झुडूप किंवा बांबू लावला असेल तर तो आजच काढावा. आभाळ भरून आल्यावर काढू म्हणाल तर आमच्यासारखे कंदील घेऊन धावावे लागेल.